सायकल ढकलत काढलेलं वर्ष

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा मला पनवेलच्या बाजारातल्या पाट्या वाचायची सवय लागली. भांड्यांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, पापड-कुरडयांचं दुकान. प्रत्येकापाशी थांबायचं, पाटी वरपासून खालपर्यंत वाचायची, 'आमची कोठेही शाखा नाही' हेसुद्धा सोडायचं नाही, आणि मग पुढे निघायचं. सोबत बायको असायची. आम्ही दोघं रोज सकाळी वडाळे तलावावर फिरायला जायचो. पंधरा दिवस तिने काही विचारलं नाही. सोळाव्या दिवशी चष्म्यांच्या दुकानापाशी मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अवो, ही पाटी कालच वाचलीत ना? रातीत बदलली काय?"

मग सांगावं लागलं. पाय दुखत नव्हते, जड होत होते. पाचशे पावलं चाललो की कमरेपासून खाली कुणीतरी ओलं पोतं बांधल्यासारखं व्हायचं आणि पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. दोन मिनिटं थांबलो, जरा वाकलो, की सगळं जायचं. पुन्हा पाचशे पावलं, पुन्हा तेच. बायकोचं माहेर उरणकडचं, तिच्या घरची मिठागरं होती. तिला समजावं म्हणून मी म्हटलं, "मिठागराच्या चिखलातून चालल्यासारखं वाटतं गं."

"मंग कट्ट्यावर बसा ना. पाट्या कशाला वाचता?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना वाटतंय तुमी दुकान घ्यायला निघालाव."

मला माझ्या पायांचा अभिमान होता, हे तिला ठाऊक होतं. एकतीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो. उरणच्या रस्त्यावरचे खड्डे असोत नाही तर पेणकडची वळणं, दांड्याला हात न लावता, दोन्ही हात तिकिटांत गुंतवून मी उभा राहायचो. नवे कंडक्टर आले की ड्रायव्हर त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, असं उभं राहायला शिका. त्या पायांनी आता पाचशे पावलांत दगा द्यावा, हे कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

सायकलीचा शोध मला योगायोगाने लागला. घरात एक जुनी सायकल होती, तिचं चाक बसलं म्हणून मी ती ढकलत पंक्चरवाल्याकडे घेऊन गेलो. दुकान तलावाच्याही पुढे. हँडलवर दोन्ही हात, अंग जरा पुढे झुकलेलं, आणि मी एकदाही न थांबता पोहोचलो. पाय जड झाले नाहीत, मुंग्या नाहीत, काही नाही. मला इतका आनंद झाला की पंक्चर काढून झाल्यावर मी सायकल तशीच ढकलत उलट्या दिशेने आणखी एक फेरी मारून घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून सायकल माझ्यासोबत निघू लागली. चालवायची हिंमत नव्हती, रस्त्यावर गाड्या फार. नुसती ढकलायची. मी, माझी सायकल आणि पलीकडून बायको, असे आम्ही तलावाला फेऱ्या मारू लागलो.

"पंक्चर झाली काय काका?" लोक विचारायचे. मी हो म्हणायचो. महिन्याभराने पंक्चरवालाच एका सकाळी घरी आला. चहा घेतला आणि मग हळूच म्हणाला, "काका, एक सांगू? तुम्ही ती सायकल चालवा नाही तर विका. सगळे मला येऊन विचारतात, म्हाताऱ्याची सायकल तुला एवढे दिवस नीट का करता येत नाही म्हणून." बायको आत गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ हसत होती, ते आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं.

सायकलीवर मी जवळजवळ एक वर्ष काढलं. पण त्या वर्षात तलाव लांब जात राहिला. पाचशेची तीनशे पावलं झाली, तीनशेची शंभर. शेवटी शेवटी सायकल धरूनही पाय बोलू लागले. एके दिवशी आरशासमोर दाढी करता करता, एक गाल झाला आणि दुसऱ्या गालाला मला स्टूल मागावं लागलं. बायकोने स्टूल आणून दिलं आणि म्हणाली, "दाढी झाली की कपडे घाला. दवाखान्यात जायचंय."

मणक्याच्या डॉक्टर पनवेलमध्येच होत्या. चाळिशीच्या बाई, आवाज हळू, पण समोरचा बोलत असताना कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघायच्या. मी सगळं सांगत गेलो. सायकलीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सायकल ढकलताना त्रास होत नाही?"

"नाही."

"भाजीच्या हातगाडीला टेकलात तर?"

"तेही करून झालंय. भाजीवाला ओरडला."

त्या हसल्या. म्हणाल्या, "अर्धं निदान तुम्ही स्वतःच करून आणलंय." त्यांनी माझ्या पावलांवर बोटं ठेवून नाडी पाहिली. रक्तपुरवठा कमी पडला तरी चालताना असंच होतं, म्हणून ते आधी तपासायचं असतं. नाडी चांगली होती. मग एमआरआय झाला. त्या खडखडणाऱ्या बोगद्यात पडल्या पडल्या मला आमच्या जुन्या बसच्या पत्र्याची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर मला तिथे चांगली झोप लागली.

चार दिवसांनी त्यांनी तो काळा फोटो उजेडावर लावून आम्हाला समजावलं. पाठीच्या कण्यात मधोमध एक नळी असते, तिच्यातून पायांकडे जाणाऱ्या नसा खाली उतरतात. वय वाढतं तशी बाजूची हाडं वाढतात, आतला एक पट्टा जाड होतो, मणक्यांमधली चकती जराशी बाहेर येते. सगळ्या बाजूंनी जागा खाल्ली जाते. माणूस ताठ उभा राहिला की नळी आणखी आवळते, वाकला की थोडी मोकळी होते. म्हणून सायकल.

"म्हणजे पळस्पे फाटा," मी म्हटलं. "चार रस्त्यांच्या गाड्या, जायला वाट एक."

त्या पनवेलच्याच होत्या, त्यांना लगेच कळलं. "तसंच. फक्त इथे वरून पूल टाकता येत नाही. आहे तीच वाट रुंद करावी लागते. पण ते एकदम नको. पायरी पायरीने जाऊ."

पहिली पायरी व्यायामाची. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. बायकोही माझ्या शेजारी सतरंजी टाकून करायची, कारण तिच्या मते एकट्याला असं लोळताना बघवत नव्हतं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दुसरी पायरी इंजेक्शनची. पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्यांनी कण्यापाशी बारीक सुई नेली आणि औषध सोडलं. पाव तासाचं काम. संध्याकाळी मी घरी. आणि तिसऱ्या दिवशी उठलो तर पाय माझे होते, पूर्वीचे.

"हे औषध सूज उतरवतं, जागा वाढवत नाही," डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. "किती दिवस पुरेल ते कुणालाच सांगता येणार नाही." मी त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा नीट ऐकलं नव्हतं.

त्याच महिन्यात बायकोच्या भाचीची हळद होती, उरणजवळच्या गावात. ज्याने आमच्याकडची हळद पाहिली नाही त्याला ती सांगून कळत नाही. दुपारी चारलाच बेंजो सुरू झाला आणि मांडवात उभं राहायला जागा उरली नाही. मी बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो. बायकोने नवी नऊवारी नेसली होती, डोक्यात अबोलीचा गजरा. ती नाचत नाचत माझ्यासमोर आली, थांबली आणि नुसती बघत राहिली. मी उठलो. संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत मी नाचलो. गुडघे, कंबर, खांदे, जे जे हलतं ते सगळं हलवलं. पिवळ्या हाताने कुणीतरी माझी टोपी पिवळी केली. ती टोपी बायकोने मला नंतर धुऊ दिली नाही.

साडेतीन महिन्यांनी औषध संपलं. एके सकाळी चौकात पाय जड झाले आणि मला समोरच्या बँकेची पाटी दिसली. मी ती वाचली नाही, पण कळलं. दुसरं इंजेक्शन घेतलं, ते तीन आठवडेच पुरलं. मग एक विचित्र गोष्ट झाली. मी दूध आणायला गेलो आणि परत आलो तर शेजारीण दारात माझी उजवी चप्पल घेऊन उभी. ती माझ्या पायातून वाटेतच निघाली होती आणि मला समजलं नव्हतं. पूर्ण गल्ली मी एका चपलेने चाललो होतो.

चपलेची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायाचा अंगठा बोटाने खाली दाबला आणि म्हणाल्या, वर उचला. डावा उचलला गेला. उजवा नुसताच थरथरला.

"आता नुसतं बरं वाटण्याचा प्रश्न राहिला नाही," त्या म्हणाल्या. "नस दमायला लागलीय. वाट मोकळी करावी लागेल."

ऑपरेशन हा शब्द त्यांनी काढला तेव्हा बायकोने पिशवीतून वही काढली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिने विचारलं म्हणून मला आज सगळं आठवतंय, मी तर त्या वेळी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. पूर्वी अशा आजारात पाठ लांब चिरून, स्नायू बाजूला सोलून हाड काढायचे. काही जणांना अजूनही तसंच करावं लागतं, विशेषतः मणका सरकला असेल तर, तिथे स्क्रूही लागतात. पण आता काही जणांसाठी लहान वाटा निघाल्यात. कुणाचा फक्त तो आतला पट्टा जाड झालेला असतो, तो बारीक नळीतून खरवडून काढतात. कुणाच्या दोन हाडांच्या मध्ये छोटासा आधार बसवतात, म्हणजे उभं राहिल्यावर नळी आवळत नाही. आणि तिसरी वाट दुर्बिणीची. पाठीला बोटाच्या पेराएवढं छिद्र, त्यातून कॅमेरा आत, आणि पडद्यावर बघत बघत हाड नि पट्टा कणाकणाने काढायचा.

"यांना कुठची?" बायकोने विचारलं.

"यांचा मणका सरकलेला नाही, म्हणून स्क्रू नकोत. पण पट्टाही जाड आहे आणि हाडही वाढलंय, म्हणून दुर्बिणीची."

"आनि मंग पाठ दुखनार नाय?"

"पाठ थोडी दुखत राहू शकते. हे ऑपरेशन पायांसाठी आहे. पाय हलके होतील अशी मला चांगली आशा आहे. हमी मी कुणालाच देत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मध्येच लघवीवरचा ताबा गेला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी यायचं."

तारीख ठरली. मी हो म्हणून आलो. मग बातमी गल्लीत गेली आणि गल्लीने मला घाबरवायला घेतलं. कुणाचा मेहुणा कायमचा अंथरुणाला खिळलेला, कुणाचे सासरे चालत गेले आणि चाकांच्या खुर्चीत परत आले. कधी, कुठे, कुठलं ऑपरेशन, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पण माझ्या भीतीला एवढं पुरेसं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आठला भरती व्हायचं होतं. मी सहालाच सायकल काढली, वाटेत दहा वेळा थांबत तलावावर गेलो, फोन बंद केला आणि कट्ट्यावर बसून राहिलो. पाण्यावर पाणकोंबड्या होत्या. त्या मोजत बसलो. अकराच्या सुमाराला बायको रिक्षातून उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिनेही थोडा वेळ पाणकोंबड्या मोजल्या.

"डॉक्टरबाईंना सांगितलं, तुमी पळाले म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"म्हनाल्या, पळता येतंय म्हंजे बरीच सुधारणा हाय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत हेच मला जास्त लागलं. त्यांनी सांगून पाठवलं होतं की तयार होईपर्यंत आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला येत जायचं आणि अंगठ्यावर लक्ष ठेवायचं.

फिजिओथेरपीच्या खोलीत मला ती भेटली.

साठीची बाई, काष्टा मारून नेसलेलं लुगडं, अंगाने काटक, आणि कमरेत इतकी वाकलेली की चालताना तिची नजर जमिनीवर. कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या आदिवासी वाडीवरून यायची. माझ्या समोरच्या खाटेवर ती बसली होती. मी गुडघे छातीशी घेत होतो आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"कंडक्टर ना तू?" ती म्हणाली. "पेनच्या गाडीवर असायचास."

मी हो म्हटलं. ओळखलं म्हणून मला बरंच वाटलं.

"माजी टोपली तू टपावर टाकायला लावलीस."

खोलीतली फिजिओथेरपिस्ट मुलगी थांबून बघू लागली.

"शेवळाची भाजी होती टोपलीत. सक्काळी डोंगरातून काढून आनलेली. तू म्हनलास, आत घान होते, वर टाक. पनवेलला उतरवली तवा उन्हानं पार सुकलेली. बाजारात कोनी हात लावला नाय."

मला काही आठवत नव्हतं. त्याचंच मला वाईट वाटलं. एकतीस वर्षांत किती टोपल्या मी टपावर टाकायला लावल्या असतील. मला त्या सगळ्या सारख्याच होत्या. तिला ती एकच होती आणि तिच्यात काय होतं ते तिला अजून ठाऊक होतं. मी गुडघे सोडून उठून बसलो आणि म्हटलं, "बाई, चुकलं माझं. टोपली आत ठेवायला जागा होती. नेहमीच असायची."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तवा तू मधी ताठ उभा असायचास, दांडा पन धरायचा नायस. आता बघ. दोगंबी सारखेच वाकलेलो." आणि मोठ्याने हसली. खालचे दोनच दात होते, पण हसू तोंडभर होतं. ती मुलगीही हसली आणि मग मीही. त्या टोपलीचा विषय तिने नंतर कधी काढला नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, आमचे दिवस एकच होते. ती पावसाळ्यात रानभाज्या विकायची आणि उरलेलं वर्षभर विटांच्या भट्टीवर. तिची कंबर भट्टीने खाल्ली होती. आजार माझाच, ऑपरेशनही तेच, सरकारी योजनेतून व्हायचं होतं. तिची तारीख पुढच्या आठवड्यातली.

"तुजी कवा?" तिने विचारलं.

"होती. गेली."

"गेली म्हंजे?"

"मीच गेलो नाही."

तिने मला उपदेश केला नाही. रबराचा पट्टा पायाला लावून ओढत राहिली. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. भट्टीवर डोक्यावर इटा घेऊन फळीवरनं चढायची, तवा पन वाटायची. तवा तर कोनी भूल पन देत नवता."

पुढच्या मंगळवारी ती नव्हती, शुक्रवारीही नव्हती. त्यानंतरच्या मंगळवारीही तिची खाट रिकामी. मी त्या मुलीला दोनदा विचारलं, तिला माहीत नव्हतं. माझ्या मनात गल्लीतल्या सगळ्या गोष्टी फिरू लागल्या. आणि मग शुक्रवारी दार उघडलं आणि एक बाई आत आली. उंच, सरळ, खांद्यावर पदर. क्षणभर मी ओळखलंच नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि तिची नजर माझ्या नजरेच्या वरून येत होती. मी उठून उभा राहिलो. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती.

"बाई, तू एवढी उंच आहेस?"

"मी पन इसरले होते," ती म्हणाली.

तिने पाठीवरचा पदर बाजूला करून फिजिओथेरपिस्टला ती जागा दाखवली. एक छोटी रेघ, जेमतेम सुकलेली. मग ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून गेली आणि परत आली, माझ्यासाठीच, मला दिसावं म्हणून. मी त्याच पावली वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे गेलो आणि तारीख मागितली.

"या वेळी सायकल घरी ठेवा," त्या म्हणाल्या.

ती काळजी बायकोने आधीच घेतली होती. सायकलीच्या कुलपाची चावी तिच्या पदराला गाठ मारून होती, आणि भरती होण्याच्या सकाळी ती पाचपासून दारात बसली होती.

ऑपरेशनचं मला फार सांगता येणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले. आकडे आयुष्यभर मोजले होते, म्हणून मी उरणच्या गाडीचे थांबे म्हटले. पनवेल, करंजाडे, गव्हाण फाटा. जासई आलं नाही. डोळे उघडले तर बायको समोर आणि पाठीला काहीतरी चिकटवलेलं. हात मागे नेऊन चाचपलं. "एवढीच पट्टी?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी पन तेच इचारलं."

त्याच संध्याकाळी नर्सने मला उभं केलं. पाय जमिनीला लावले. आधी वाटलं, आत्ता येईल तो जडपणा. कॉरिडॉरमध्ये निघालो. एका हाताला नर्स, दुसऱ्या हाताला सलाईनचा दांडा धरून बायको. मी मनात पावलं मोजत होतो, कारण साठाव्या-सत्तराव्या पावलाला हल्ली हमखास थांबावं लागायचं. सत्तर झाली. ऐंशी झाली. मग कॉरिडॉर संपला. भिंत आली, तिच्यावर आग लागली तर काय करावं याची पाटी होती. मी ती न वाचता वळलो.

"बसायचंय?" नर्सने विचारलं.

"नाही."

बायकोने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर कळंबोलीच्या दिशेने लोखंड भरलेल्या ट्रेलरची रांग चालली होती. ती रांग तिने बराच वेळ, फार लक्ष देऊन बघितली. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चला, अजून एक फेरी मारू."

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. उजवा अंगठा आता वर उचलला जातो, पण त्याची एक बाजू अजून बधीर आहे. सकाळी उठताना कंबर कुरकुरते. सहा आठवडे वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, असं सांगितलं होतं आणि बायकोने ते माझ्याकडून पोलिसासारखं पाळून घेतलं. वय वाढेल तशी दुसऱ्या जागी वाट पुन्हा अरुंद होऊ शकते, हेही डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. पण मी आता तलावाला दोन फेऱ्या मारतो, हात मोकळे सोडून. पहिल्या दिवशी पंक्चरवाल्याने मला बिनसायकलीचं पाहिलं आणि तो दुकानातून बाहेर आला. माझ्यासोबत अर्धी फेरी चालला आणि परत गेला.

थंडी पडली तेव्हा वाडीवरची ती बाई एका बाजारच्या दिवशी आमच्या दारात आली. बायकोने तिला आत बसवलं. चहा झाला. "रविवारी दोगंबी वाडीवर या," ती म्हणाली. "पोपटी लावते."

पोपटी आमच्या भागातली थंडीची चैन. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती गवताचा जाळ. बायकोने माहेराहून ताज्या शेंगा मागवल्या. आम्ही बसने गेलो, प्रवासी म्हणून. मांडीवर शेंगांची पिशवी घेऊन मी खिडकीपाशी बसलो. फाट्यापासून वाडीपर्यंत पाऊण तासाची पायवाट. मध्ये एक ओढा. ती आम्हाला घ्यायला फाट्यावर आली होती.

दुपार उतरता उतरता जाळ लावला. मडकं झालं की नाही हे कसं ओळखायचं यावरून दोघींचं जुंपलं. ती म्हणे, मडक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, चर्रर्र वाजून उडाला की झालं. बायको म्हणे, आमच्याकडे वासावरनं ओळखतात. शेवटी दोन्ही केलं. पानावर शेंगा ओतल्या तेव्हा वाफेने माझा चष्मा धुरकटला. ओवा बायकोला कमी वाटला, मीठ तिला जास्त वाटलं, आणि तेवढं बोलून दोघींनी मिळून सगळ्यात जास्त खाल्लं. तिची नात शेंगा सोलून माझ्या पानावर ठेवत होती, आणि मी तिला हळूहळू दे म्हणत पटापट खात होतो.

"तुमची उंची किती हो?" बायकोने तिला मध्येच विचारलं.

"मोजली नाय कदी."

"उठा बघू," बायको म्हणाली, आणि दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी मधे हात धरून मापलं. बायको तिच्या कानापर्यंतही पोहोचत नव्हती. नातीला ते फार गमतीचं वाटलं. मग तिने मलाही उभं केलं, मग शेजारच्या घरातल्या बायकांना बोलावलं, आणि बराच वेळ ती वाडी एकमेकांची उंची मोजत होती.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. ती फाट्यापर्यंत पोहोचवायला आली. दोघी पुढे, कोणत्या महिन्यात कुठल्या माशाला चव असते यावर बोलत, मी मागे. ओढा आला, गेला. गाडी यायला अर्धा तास होता. फाट्यावर दगडी कट्टा आहे, सावलीही चांगली आहे. पण बोलणं रंगलं होतं, आणि गाडीचे दिवे दिसेपर्यंत आम्ही तिघंही उभेच होतो.